पगारी पियानो

डिसेंबर 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाने 8 वादक एकत्र बसवले आणि त्यांच्याकडून जवळजवळ 37 मिनिटे सलग वाजवून घेतले. धरून ठेवायला ओळखीचे गाणे नव्हते, स्वरमेळांचा आधी ठरलेला क्रमही नव्हता. एकाने काही सुचवावे, बाकीच्यांनी ते उचलावे किंवा झुगारावे, एवढीच बांधणी. तबकडीचे नाव होते 'फ्री जॅझ', आणि पुढे त्या सगळ्या प्रवाहालाच ते नाव चिकटले. पियानोवर हाच रस्ता सेसिल टेलर काही वर्षे आधीपासून चालत होता. या बातम्या येत होत्या तेव्हा मुंबईला जॅझ नवे नव्हते. शहरात पंचवीस वर्षे ते वाजत होते, अव्वल दर्जाचे अमेरिकन वादक इथे राहून गेले होते, गोव्याच्या वादकांची एक अख्खी पिढी त्यात मुरली होती. त्यातून ज्या देशात 'उपज' हाच गवयाचा खरा कस मानला जातो, तो हा देश. तरी मुंबईत मुक्त जॅझचा पियानोवादक निपजला नाही. याची दोन कारणे सांगितली जातात. एक म्हणजे आपल्या रागसंगीतात ही मोकळीक आधीच होती, त्यामुळे वेगळी गरज पडली नाही. दुसरे, जरा तुच्छतेने सांगितले जाणारे, म्हणजे इथले वादक नक्कल करण्यातच धन्यता मानणारे होते. दोन्ही कारणे अपुरी आहेत. खरे कारण वादकाच्या बोटांत किंवा संस्कृतीत शोधण्याआधी त्याच्या बिदागीत शोधावे लागते. पियानोवाल्याला पैसे कोण देत होते आणि कशासाठी देत होते, हे पाहिले की मुंबईच्या जॅझचा बराचसा इतिहास उलगडतो. त्यासाठी माणूस निवडायचा तर टेडी वेदरफर्डसारखा दुसरा नाही.

वेदरफर्डचा जन्म 1903 चा, व्हर्जिनियातल्या पोकाहाँटस या कोळशाच्या खाणींच्या गावचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. पोरवयात तो न्यू ऑर्लिन्सला गेला, पियानो तिथे शिकला, आणि 1920 नंतरच्या काळात हजारो कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत होते त्या लाटेबरोबर शिकागोला पोहोचला. शिकागोच्या दक्षिण भागातल्या व्हेन्डोम थिएटरात अर्स्किन टेट याचा वाद्यवृंद मूकपटांना साथ करत असे. पडद्यावरचा पाठलाग, प्रेमप्रसंग, रडारड या सगळ्याला खाली बसलेले वादक संगीत पुरवत, आणि मध्यंतरात मात्र त्यांना स्वतःच्या मर्जीचे वाजवता येई. लोक खास त्या मध्यंतरासाठी तिकीट काढत. टेटच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होता, पियानोवर वेदरफर्ड. 1926 च्या मे महिन्यात या संचाने दोन तुकडे ध्वनिमुद्रित केले आणि त्यांत वेदरफर्डचा पियानो आजही ऐकता येतो. डावा हात खालच्या सुरापासून मधल्या स्वरमेळापर्यंत झेपा टाकत ताल धरून आहे, उजवा हात त्या तालाशी खोड्या काढतो आहे. शिकागोत त्या वेळी त्याची बरोबरी अर्ल हाइन्सशी केली जाई. हाइन्स शिकागोत राहिला, आर्मस्ट्राँगबरोबर त्याने 1928 मध्ये केलेल्या तबकड्या जॅझच्या इतिहासाचे टप्पे ठरल्या, आणि पियानोच्या प्रत्येक ग्रंथात त्याला प्रकरण मिळाले. वेदरफर्डच्या वाट्याला तळटीप आली, कारण 1926 मध्येच तो जॅक कार्टरच्या बँडबरोबर बोटीत बसून शांघायला निघून गेला.

तो का गेला, हे समजणे अवघड नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकाला टाळ्या मिळत, पण ज्या हॉटेलात तो वाजवी तिथे त्याला पाहुणा म्हणून राहता येत नसे. शांघायच्या परकीय वसाहतींमध्ये नाचघरांची चढाओढ लागली होती, आणि अस्सल अमेरिकन बँड ही तिथली प्रतिष्ठेची चीज होती. कवी लँग्स्टन ह्यूज 1933 मध्ये शांघायला गेला तेव्हा वेदरफर्ड तिथला मोठा माणूस झाला होता. ह्यूजने आपल्या आत्मकथनात त्याचे जे चित्र काढले आहे ते पाहण्यासारखे आहे: धिप्पाड, गोड स्वभावाचा, सगळ्या शहराला ठाऊक असलेला हा वादक एका रात्रीत अनेक नाचघरांत हजेरी लावी, प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ वाजवी आणि पुढच्या दारी जाई. 1934 मध्ये तो अमेरिकेत जाऊन बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा अख्खा बँड शांघायच्या कॅनिड्रोम बॉलरूममध्ये घेऊन आला. म्हणजे तो आता वादकापेक्षा जास्त काहीतरी होता. वादक पुरवणारा, करार जमवणारा, मालकांच्या मनातले ओळखणारा. इथेच पहिली खूण पटते. ज्याला एका रात्रीत अनेक दारे गाठायची आहेत तो प्रत्येक दारी प्रयोग करत बसत नाही. त्याला दहा मिनिटांत खोली जिंकायची असते, आणि खोली जिंकण्याचे हुकमी मार्ग मोजकेच असतात.

मुंबईत अमेरिकन कृष्णवर्णीयांचा पहिला मोठा बँड 1935 मध्ये आला, व्हायोलिनवादक लिऑन ॲबी याचा, आणि तो ताजमध्ये वाजला. पुढच्या हंगामात कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथने ती जागा घेतली आणि त्याच्या बँडमध्ये पियानोवर वेदरफर्ड बसला. 1936 मध्ये स्मिथच्या बँडने 'ताजमहाल' नावाचा फॉक्सट्रॉट मुंबईतच ध्वनिमुद्रित केला. पुढे बँडची सूत्रे वेदरफर्डकडे आली. मध्ये 1937 मध्ये तो पॅरिसला जाऊन आला, तिथे त्याने एकट्याने पियानोच्या काही तबकड्या केल्या. त्याच्या आयुष्यात पियानो एकटा, बँडशिवाय आणि नाचणाऱ्यांशिवाय नीट ऐकू येतो अशा या मोजक्या जागा. एरवी ताजच्या बॉलरूममधले वेळापत्रक पक्के होते. हिवाळी हंगाम, संध्याकाळचा चहा आणि नाच, रात्रीचे जेवण आणि पुन्हा नाच. समोर संस्थानिक, गोरे अधिकारी, पारशी आणि गुजराती उद्योगपती. ताजमध्ये हिंदी माणसाला मज्जाव नव्हता, ही त्या काळच्या गोऱ्यांच्या क्लबांच्या तुलनेत लहान गोष्ट नव्हे. नरेश फर्नांडिस यांनी 2012 मध्ये मुंबईच्या जॅझवर जे पुस्तक लिहिले त्यात हा मुद्दा नीट पुढे येतो: वसाहतीतल्या या शहरात गोऱ्या-काळ्या-सावळ्यांनी एकाच फरशीवर असण्याचे एक निमित्त जॅझ होते. मात्र ती फरशी नाचाची होती, हे विसरून चालत नाही. फॉक्सट्रॉटला फॉक्सट्रॉटची लय लागते. पियानोवाल्याने मनाला आले म्हणून ताल मोडला तर जोड्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि मॅनेजर पडद्याआडून बघतो.

या अमेरिकनांच्या सहवासात जे इथले लोक घडले ते बहुतांश गोव्याचे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी, व्हायोलिन आणि गायन शिकवले जाई. चर्चच्या उपासनेत (मास) चूक होऊ नये म्हणून दिलेले हे शिक्षण शेकडो घरांना पोटापाण्याचे साधन झाले. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या, म्हणून ही मुले मुंबईला येत, धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावच्या क्लबात पेटी टाकत आणि काम शोधत. संस्थानिकांचे बँड, रेल्वेच्या संस्था, मूकपटांची थिएटरे, हॉटेले, जिथे नोटेशन वाचणारा माणूस लागे तिथे गोवेकर असे. 1931 नंतर बोलपट आले आणि थिएटरातली साथ बंद पडली, तेव्हा हॉटेलांचे महत्त्व आणखी वाढले. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या वादकांनी अमेरिकनांकडून जी गोष्ट उचलली ती कागदावर लिहिता येणारी नव्हती: सूर किंचित मागे ओढून धरणे, ठेक्याशी लपंडाव खेळणे, आणि लिहिलेल्या चालीत स्वतःची वाक्ये घालणे. अल्डोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ हे ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले आणि त्यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1939 पासून ताजची जागा मिकी कोरिया यांच्या बँडकडे गेली आणि सुमारे दोन दशके त्यांच्याकडे राहिली. नक्कल करणाऱ्यांना एवढी वर्षे कोणी ठेवत नाही, कारण नक्कल करणारे रांगेत उभे असतातच. पण हेही खरे की ताजला हवे होते ते ओळखीचे आणि सफाईदार, आणि कोरियांचा बँड ते चोख देत होता.

वेदरफर्ड स्वतः युद्धकाळात कलकत्त्याला गेला. चौरंगीवरचे ग्रँड हॉटेल साथीच्या आजारामुळे बंद पडले होते. मोहनसिंग ओबेरॉय यांनी ते चालवायला घेऊन पुन्हा उभे केले आणि युद्धात ते सैनिकांनी ओसंडून वाहू लागले. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडल्यावर तिथले अँग्लो-बर्मी वादकही कलकत्त्यात आले होते. अशा मिश्र मंडळींना घेऊन वेदरफर्डने बँड बांधला, कोलंबिया कंपनीसाठी बऱ्याच तबकड्या केल्या, लष्करी रेडिओवरून तो वाजवत राहिला. 1943 चा दुष्काळ याच शहरात आणि याच वर्षांत पडला. बंगालमध्ये मेलेल्यांचे अंदाज तीस लाखांच्या आसपास जातात. हॉटेलाबाहेरच्या फुटपाथवर माणसे मरत होती आणि आत नाच चालू होता. वादकाला दोष देण्यात अर्थ नाही, पण त्याचे काम कोणत्या जगात बसवलेले होते हे यातून दिसते. 25 एप्रिल 1945 रोजी कॉलऱ्याने वेदरफर्ड कलकत्त्यात मेला. वय 41. अमेरिकेत त्याच सुमारास चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी नाचघर सोडून बसून ऐकायचे जॅझ घडवत होते. पियानोवर थेलोनियस मंक आणि बड पॉवेल होते. मुक्त जॅझची वाट तिथून निघते. वेदरफर्ड जगला असता तर त्या वाटेने गेला असता का? त्याची आशियातली एकोणीस वर्षांची कारकीर्द पाहता शंका वाटते. तो आशियात आला तो चांगल्या मालकांच्या शोधात आणि त्याला ते मिळालेही. पण ज्या श्रोत्याला नाचायचे नाही, जेवायचे नाही, फक्त ऐकायचे आहे, असा श्रोता त्याला पैसे द्यायला कधी आला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत हॉटेलांचे अर्थकारणच बदलले. दारूबंदीचा एक प्रयत्न 1939 मध्ये होऊन गेला होता. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून पूर्ण दारूबंदी झाली. गोरे गिऱ्हाईक निघून गेले होते, संस्थाने विलीन झाली होती, आता पेलाही गेला. जो बँड दारूच्या विक्रीतून पोसला जात होता त्याला चहा-सरबतावर कोण पोसणार? दारूबंदी आणणाऱ्या मोरारजी देसाईंना जॅझशी काही देणेघेणे नव्हते. गिरणी कामगाराच्या घरात पगार पोहोचावा हा त्यांचा हेतू होता आणि तो काही वाईट नव्हता. परिणाम मात्र वादकांवर झाला. कलकत्त्यात बंदी नव्हती, त्यामुळे पुढची वीसेक वर्षे जॅझचे केंद्र पार्क स्ट्रीटकडे सरकले. मुंबईत जे राहिले त्यांच्यासाठी एक दार सताड उघडे होते, ते दादर, ताडदेव, महालक्ष्मी, अंधेरी इथल्या चित्रपट स्टुडिओंचे. टोनी पिंटो यांच्यासारखे पियानोवादक चर्चगेटच्या ॲम्बॅसेडर हॉटेलात आपली चौकडी घेऊन वर्षानुवर्षे टिकून राहिले, पण असे थोडे. बहुतेकांनी सकाळी वाद्याची पेटी उचलून रेकॉर्डिंगचा रस्ता धरला.

हा नवा मालक जुन्यापेक्षा उदार होता आणि कडकही. संगीत दिग्दर्शक चाल पेटीवर बसवी. ती स्वरलिपीत उतरवणे, वाद्यांत वाटून देणे, मुखडा आणि अंतऱ्यांमधले संगीत रचणे ही कामे बऱ्याचदा गोवेकर अरेंजर करी. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी हेच करत. मग पन्नास-साठ वादक एका खोलीत बसत आणि गायकासह सगळे एका दमात ध्वनिमुद्रित होई. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत बसायचे, तेव्हा ट्रम्पेटला चार आवर्तने मिळाली तरी खूप. कोणी चुकला की पहिल्यापासून. या व्यवस्थेत उपजेला जागा नव्हती असे नाही, पण ती आधी ठरवून, मोजून दिलेली जागा होती, आणि तालमीत सुचलेली चांगली तान टेकच्या वेळी कागदावर पक्की झालेली असे. जॅझच्या वादकाला जॅझच्या नेमक्या उलट शिस्तीसाठी पैसे मिळत होते. लुसिला पाशेको यांच्यासारख्या पियानोवादक या वाद्यवृंदांत होत्या, आणि त्यांचा पियानो आपण सगळ्यांनी ऐकला आहे, नाव माहीत नसताना.

तरी या बंदिस्त जागेत काय घडले ते मात्र कमी लेखू नये. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे हिंदुस्थानी संगीत शिकलेले. त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट आले आणि 1947 च्या 'शहनाई'पासून 1951 च्या 'अलबेला'पर्यंत एक नवीनच चीज तयार झाली. अलबेलाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, म्हणजे भगवानदादा, गिरणगावातून वर आलेले. त्यांचा नाच हा ताजच्या फरशीवरचा नव्हता. खांदे आणि मनगटे हलवत, पाय जेमतेम उचलत केलेला तो चाळीतल्या कोणालाही जमेल असा नाच होता. चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. शांघाय आणि ताजच्या बॉलरूममधून आलेली लय अशी थेट मराठी मुलखात उतरली. उदाहरणादाखल हिंगोली घ्या. हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्यातल्या परभणी जिल्ह्यातला तालुका होता. तिथे ब्रिटिशांच्या देखरेखीखालच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी 1903 पर्यंत होती, आणि अशा छावण्यांच्या गावांत पितळी वाद्यांची ओळख जुनी. लष्करी बँडचा ट्रम्पेट लग्नाच्या वरातीत आला होताच. आता त्याला वाजवायला अलबेलाची गाणी मिळाली. हिंगोली-वसमतच्या वरातीत त्या गाण्यावर नाचणाऱ्याला न्यू ऑर्लिन्सशी आपला काही संबंध आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. संबंध होता. जॅझ या देशात सगळ्यात खोल गेले ते अशा रीतीने, आणि मुक्त जॅझचा रस्ता बंद झाला तोही याच यशामुळे. सर्वात चांगल्या वादकांना सर्वात जास्त पैसा जिथे मिळत होता तिथे श्रोत्याला चाल हवी होती.

आता सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या कारणाकडे वळू. रागसंगीतात मोकळीक होती म्हणून मुक्त जॅझची गरज पडली नाही, हे ऐकायला बरे वाटते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन रविशंकरांकडे शिकू पाहत होता, आपल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले, हे दाखले त्यासाठी दिले जातात. पण यात दोन गोष्टींची गल्लत आहे. एक तर राग म्हणजे मोकळे रान नव्हे. त्यात वर्ज्य स्वर आहेत, चलन आहे, समेवर येण्याचे बंधन आहे. मुक्त जॅझने असली बंधने टाकून दिली. दुसरे म्हणजे गोव्याचा वादक या परंपरेत वाढलाच नव्हता. त्याचे कान चर्चच्या स्वरमेळांवर तयार झाले होते आणि घराण्यांचे दरवाजे त्याच्यासाठी उघडे नव्हते, फारसे कोणी उघडलेही नाहीत. उलट रागसंगीताचाच इतिहास मी म्हणतो त्या कारणाची साक्ष देतो. संस्थानांचा आश्रय गेला तेव्हा गवयांनाही नवा पोशिंदा शोधावा लागला. आकाशवाणी, संगीत परिषदा, सवाई गंधर्व महोत्सवासारखे मंच, तिकीट काढून रात्र जागवणारा श्रोता असे बरेच पोशिंदे त्यांना मिळाले. भीमसेन जोशींना दोन-दोन तास एक राग मांडता आला कारण दोन तास ऐकायला बसणारा माणूस समोर होता आणि तो नाचायला उठणार नव्हता. जॅझवाल्यांच्या वाट्याला असा मंच आला नाही. नव्या राष्ट्राला आपल्या परंपरेचे प्रदर्शन हवे होते, आणि ट्रम्पेट त्यात बसत नव्हता.

माझ्या म्हणण्यावरचा एक आक्षेप अधिक टोकदार आहे. खरा कलावंत पैशाची वाट पाहतो का? सेसिल टेलर 1956 पासून तबकड्या करत होता, तरी पुढे कित्येक वर्षे त्याला कामे मिळत नव्हती आणि पोटासाठी त्याने भांडी घासली. तो थांबला नाही, मग मुंबईचे का थांबले? प्रश्न रास्त आहे, पण टेलरची कथा पुढेही वाचायला हवी. भांडी घासणारा टेलर टिकला कारण न्यूयॉर्कमध्ये अशा वेड्यांची वस्ती होती, त्यांची तबकडी काढणाऱ्या छोट्या कंपन्या होत्या, त्यांच्यावर लिहिणारी मासिके होती. नंतर विद्यापीठांनी त्याला शिकवायला बोलावले, 1973 मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, 1988 मध्ये बर्लिनमध्ये महिनाभर त्याच्या मैफली झाल्या आणि त्यांचा मोठा संच निघाला. नाचघराच्या मालकाची जागा विद्यापीठे, प्रतिष्ठाने आणि युरोपातली सरकारी अनुदाने यांनी घेतली, तेव्हा कुठे त्याचा पियानो निर्धास्त झाला. शिकागोत पियानोवादक म्युहल रिचर्ड अब्रॅम्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 1965 मध्ये स्वतःची संस्थाच काढली, आपल्या मैफली आपणच भरवल्या. गरिबी तिथेही होती. पण त्यांच्यामागे त्यांचा समाज होता, त्या संगीतात स्वतःचा आवाज ऐकणारा. मुंबईतल्या गोवेकर वादकाचा समाज त्याच्याकडून महिन्याच्या मनीऑर्डरची वाट पाहत होता.

आणि प्रयत्न झालेच नाहीत असेही नाही. पुढे 'अमर अकबर अँथनी'तल्या नावामुळे अजरामर झालेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू, यांनी 1958 मध्ये भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून त्यांचा जलसा मुंबईत केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. टाळ्या मिळाल्या, पोशिंदा मिळाला नाही. 1965 च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. गिटारवादक आमान्सियो डिसिल्वा हे मुंबईत वाढलेले गोवेकर. ते लंडनला गेले आणि 1969 मध्ये जो हॅरियट याच्याबरोबर त्यांनी 'हम दोनों' ही तबकडी केली. हॅरियट हा जमैकात जन्मलेला, इंग्लंडमध्ये 1960 च्या सुमारास मुक्त जॅझ स्वतंत्रपणे शोधून काढणारा सॅक्सोफोनवादक. म्हणजे मुक्त जॅझच्या अगदी शेजारी जाऊन बसलेला मुंबईचा वादक आपल्याकडे आहे, फक्त तो शेजार लंडनमध्ये होता. नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस देशात राहिले आणि राग व जॅझ यांची सांगड घालत राहिले. या तिघांची तयारी पाहिली की इथले लोक नक्कलच करत होते हे म्हणणे टिकत नाही. कुवत होती, ती वाजवायला जागा लंडन-न्यूयॉर्कला होती किंवा स्वतःच्या खिशातून भाड्याने घ्यावी लागत होती.

परदेशी पाहुणे मात्र येत राहिले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझला राजदूत बनवले: 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन, दोघेही पियानोवादक, भारतात हिंडून गेले. ब्रुबेकने हैदराबादलाही वाजवले. यातून ऐकणाऱ्यांचा एक छोटा वर्ग घडला. निरंजन झवेरी हे त्यातले अग्रणी. 1952 मध्ये त्यांनी 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझचे मासिक काढले होते, आणि 1978 मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स त्यात वाजवून गेला. ताजमध्ये लिऑन ॲबी आला त्याला 43 वर्षे झाली होती, आणि आता कुठे हजारो माणसे खुर्चीवर बसून, न नाचता, केवळ जॅझ ऐकायला तिकीट काढत होती. ज्या पिढीने वेदरफर्डला जवळून ऐकले होते ती तोवर थकली होती. चिक चॉकलेट तर 1967 मध्येच गेले होते.

याच सुमारास पियानोवादक लुई बँक्स मुंबईला आले. दार्जिलिंगचे, नेपाळी घरातले, जन्म 1941 चा. वडील पुष्कर बहादूर हे ट्रम्पेटवादक. चाळिशीच्या दशकात ते कलकत्त्याच्या जॅझ वर्तुळात जॉर्ज बँक्स या नावाने वाजवू लागले, तेच वर्तुळ ज्याच्या केंद्रस्थानी वेदरफर्ड होता. मुलाचे नाव त्यांनी आर्मस्ट्राँगवरून लुई ठेवले. पार्क स्ट्रीटच्या ब्लू फॉक्समध्ये लुई यांचा पियानो राहुलदेव बर्मन यांनी ऐकला आणि 'मुक्ती' या 1977 च्या चित्रपटासाठी त्यांना बोलावले. मुंबईत स्थिरावल्यावर बँक्स यांनी ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक पद्धतीने गाणाऱ्या रमामणी यांच्यासोबत जॅझ यात्रेचा संच बांधला, युरोपात नेला. मात्र त्यांचे घर चालवले ते जाहिरातींच्या जिंगल्सनी. दिवसभरात तीस सेकंदांचे तुकडे रचायचे, रात्री आपले वाजवायचे. 'हमारा बजाज' ही त्यांचीच, आणि 1988 मध्ये दूरदर्शनवर लागलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'चे संयोजनही. वेदरफर्डला हॉटेलने पगार देऊन हॉटेलचेच वाजवून घेतले. बँक्स यांना जाहिरात कंपन्यांनी इतके पैसे दिले की उरलेल्या वेळात काय वाजवायचे ते त्यांना स्वतः ठरवता आले. त्यांनी जे ठरवले ते मुक्त जॅझ नव्हते. फ्यूजन होते, तालबद्ध, सफाईदार, लोकांना धरून ठेवणारे. पण ती निवड होती. मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या पियानोवादकाला ती करता येण्यासाठी ताजमधल्या त्या पहिल्या हंगामापासून साधारण अर्धे शतक जावे लागले.